घुमटवाला, भट्टीवाला आणि आमचे सर

एखाद्या माणसाचा पोपवर राग असावा, तोही पाचशे वर्षांपूर्वी मेलेल्या पोपवर, आणि तो राग त्याने चाकणजवळच्या निघोज्यातल्या एका कारखान्यात प्लॅनिंगच्या बाईवर काढावा, याला काय म्हणायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. ती प्लॅनिंगची बाई म्हणजे मी.

आमची कंपनी गाड्यांसाठी ॲल्युमिनियमचे सुटे भाग ओतायची. ओतायला पोलादी साचा लागतो, त्याला आम्ही डाय म्हणतो. डाय झिजते, तडकते, तिची सारखी डागडुजी करावी लागते, आणि ती जिथे होते त्या टूलरूमचे प्रमुख होते आमचे सर. कुठला भाग कधी ओतायचा याचं वेळापत्रक लावणं हे माझं काम. म्हणजे खरं काम एवढंच, की सकाळी आल्या आल्या सरांच्या टेबलासमोर जाऊन उभं राहायचं आणि विचारायचं, "सर, डाय कधी मिळेल?"

सर चष्मा कपाळावर चढवायचे. "पोपनं पण हेच विचारलं होतं."

"पोपचं राहू द्या सर. दुपारी कस्टमरची गाडी येऊन उभी राहणार आहे."

"पोप म्हणजे तरी दुसरं कोण? कस्टमरच. उठला की मचाणाखाली येऊन उभा. कधी होणार, कधी होणार. छतवाला म्हणाला, जमेल तेव्हा होईल. तर त्या म्हाताऱ्यानं त्याला काठीनं मारलं. तुमच्या हातात काठी नाही, एवढाच फरक."

एवढं झालं की चष्मा पुन्हा नाकावर. डाय कधी मिळणार ते कळलेलं नसायचंच.

छतवाला म्हणजे तो, ज्यानं रोमच्या प्रार्थनाघराचं छत रंगवलं. तसा घुमटवाला होता, भट्टीवाला होता, अंडीवाला होता. इटलीत त्या काळात जे चित्रकार, शिल्पकार, सोनार, इमारती बांधणारे होऊन गेले त्या सगळ्यांची चरित्रं सरांना तोंडपाठ होती, पण नावं ते कधी घ्यायचे नाहीत. येत नव्हती असं नाही. एकदा अकाउंट्समधल्या एका मुलानं फोनवर शोधून छतवाल्याचं नाव मोठ्यानं वाचून दाखवलं, तर सर त्याच्याशी महिनाभर बोलले नाहीत. त्यांचं म्हणणं, परदेशी आडनाव सांगितलं की लोक आडनाव पाठ करतात आणि माणूस सोडून देतात.

बरं, हे कंपनीपुरतं असतं तर मी सहन केलं असतं. पण सर राहायला थेरगावात आणि मीही थेरगावात. कंपनीची बस आम्हाला डांगे चौकातून उचलायची. मी बसमध्ये चढून खिडकी गाठली की शेजारी सर येऊन बसलेच. तिथून चिंचवड, निगडी, तळवडे करत निघोजे. रस्ता तसा फार नाही, पण तळवड्याच्या चौकात बस एकदा अडकली की ड्रायव्हरमामा इंजिन बंद करून तंबाखू मळायला घ्यायचे. आणि तिकडे इंजिन बंद झालं की इकडे सर सुरू.

मी सुरुवातीला कानात हेडफोन घालून पाहिले. सर माझा हात हलवून हलवून सांगायचे. मग मी झोपल्याचं सोंग केलं. सर थोडा वेळ थांबायचे आणि म्हणायचे, "झोपा तुम्ही, मी सांगतोय." जागा बदलायची सोय नव्हती, कारण बाकीच्यांनी माझ्या आधीच ठरवून टाकलं होतं की सरांच्या शेजारची जागा प्लॅनिंगच्या मॅडमची. वीस-पंचवीस माणसांचा तो कट होता. दिवाळीच्या सुट्टीनंतर मी एकदा मागच्या बाकावर जाऊन बसले, तर स्टोअरचे जाधवकाका अक्षरशः हात जोडून म्हणाले, "मॅडम, पुढं जा ना. ते मागं येतील."

तसे ते सांगायचे छान. ही कबुली देताना मला त्रास होतो, पण सांगायचे छान. त्यांच्या तोंडून ऐकताना ती माणसं चाकणच्या एखाद्या कारखान्यात दुसऱ्या शिफ्टला कामाला असल्यासारखी वाटायची. भट्टीवाला मूळचा सोनार. मोठा काशाचा पुतळा ओतायला घेतला, ऐन वेळी तापानं फणफणला, कारागिरांनी भट्टी थंड होऊ दिली आणि धातू घट्ट व्हायला लागला. तो अंथरुणातून उठून शिव्या देत आला आणि घरातली कथलाची ताटं, वाट्या, थाळे सगळं त्या भट्टीत लोटून दिलं. धातू पुन्हा वाहता झाला. "बायका-पोरांनी जेवायचं कशात, असा विचार केला असता तर पुतळा झाला असता का?" सर विचारायचे. मी म्हणायचे, "सर, आपल्या भट्टीत कालपासून तापमान चढत नाहीये, त्याचं काय करायचं?" ते ऐकायचेच नाहीत. भट्टीवाल्याच्या भट्टीचं तापमान चढलं होतं, एवढं त्यांना पुरे.

अंडीवाल्याचा महिना तर मी विसरूच शकत नाही. हा चित्रकार रंगात घालायचा सरस उकळायला ठेवायचा तेव्हा त्याच आचेवर ढीगभर अंडी उकडून घ्यायचा आणि दिवसभर तीच खायचा, म्हणजे जेवणासाठी काम सोडायला नको. सरांना हे फार पटलं. त्यांनी डबा बंद केला आणि स्टीलच्या डब्यातून उकडलेली अंडी आणायला लागले. एक बसमध्ये, एक दहाला, मग भूक लागेल तसं. मे महिना, खिडक्या धुळीमुळे बंद, आणि शेजारी सर अंडं सोलतायत. मी एचआरकडे तक्रार करायला गेले होते. एचआरच्या मुलीनं विचारलं, कशाखाली नोंदवू? मलाही सुचेना.

एकदा मी त्यांना विचारलं, "सर, तुम्ही स्वतः चित्रं काढता का?"

"छे."

"मग बघायला आवडतात?"

"चित्रातलं मला काही कळत नाही," ते म्हणाले. "बघून करायचं काय? ते झालेलं असतं." मग बाहेरच्या ट्रककडे बघत म्हणाले, "करताना काय झालं, ते खरं."

त्यांना कळायचं ते भांडण. कुणी कुणाचं काम लाटलं, कुणाला वेळेत संगमरवर मिळाला नाही, कुणी रागावून गाव सोडलं. घुमटवाल्यानं मोठं चर्च झाकणारा घुमट खालून आधार न लावता बांधायचं ठरवलं, तेव्हा त्याला भर सभेतून उचलून बाहेर काढलं होतं. ही हकिगत सांगताना सरांचे कान लाल व्हायचे, जणू त्यांनाच काल प्रॉडक्शन मीटिंगमधून बाहेर काढलंय. खरं तर काढलंच होतं. मीच काढलं होतं. मीटिंग डिलिव्हरीची होती आणि ते घुमटावर बोलत होते.

त्या घुमटाच्या गावचा एक पाहुणाही एकदा आमच्याकडे आला. परदेशी कस्टमरचा इंजिनिअर, उंच, शांत, सारखा हसणारा. तो कुठल्या गावचा हे कळल्यावर सर इस्त्रीचा शर्ट घालून आले. मला वाटलं, चला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा हा माणूस कंपनीच्या उपयोगी पडणार. प्लांट हेडसाहेबांनाही तसंच वाटलं, म्हणून जेवताना त्यांनी सरांना पाहुण्यांच्या समोर बसवलं. सरांनी पहिला प्रश्न विचारला, घुमटाच्या आत दोन भिंतींच्या मधून वर चढताना कसं वाटतं?

पाहुणा आठवायला लागला. मग म्हणाला, शाळेच्या सहलीत गेलो होतो, पायऱ्या फार होत्या, एका मित्राला उलटी झाली.

"त्यानंतर?" सरांनी विचारलं.

त्यानंतर तो गेलाच नव्हता. गर्दी असते, गाडी लावायला जागा मिळत नाही. सरांनी ताट बाजूला सारलं. दुपारी त्या पाहुण्याला टूलरूम दाखवायची होती, तेव्हा सरांनी आतून कडी लावून घेतली होती आणि मी दरवाजा वाजवत बाहेर उभी होते, पाहुण्याकडे बघून हसत.

हे सगळं मी एवढ्यासाठी सांगते आहे, की पुढे जे झालं ते ऐकून कुणाला सर थोर वाटायला नकोत. माझा तो बेत नाही.

टूलरूममध्ये सरांच्या हाताखाली दोन फिटर होते, दत्ता आणि माधव. दत्ता निघोज्याचाच. त्याच्या घराच्या गच्चीवरून आमच्या कंपनीची पाण्याची टाकी दिसायची. माधव नांदेडकडचा, शेजारच्या कुरुळीत खोली करून राहणारा. दोघंही कंत्राटदाराचे कामगार. वर्षानुवर्षं तेच काम, त्याच टेबलावर, पण गणवेशाचा रंग वेगळा, कँटीनची रांग वेगळी, आणि कामावर नाव लागायचं ते कंत्राटदाराचं. डाय दुरुस्त झाली की कागदावर सही सरांची. ऑडिटला पाहुणे आले की या दोघांना मागच्या शेडमध्ये पाठवलं जायचं.

सरांना याची चीड होती, आणि ती चीडसुद्धा इटलीमार्गेच बाहेर पडायची. छतवाल्यानं तरुणपणी आईच्या मांडीवरच्या मृत मुलाचा पुतळा घडवला. बघायला आलेले लोक तो भलत्याच शिल्पकाराचा आहे म्हणू लागले, तेव्हा त्यानं जाऊन त्या आईच्या छातीवरच्या पट्ट्यावर स्वतःचं नाव कोरलं. ही गोष्ट सगळ्यांना आवडते. सर मात्र ती सांगून झाली की माझ्यावरच खेकसायचे. "त्याचं नाव राहिलं. तो दगड खाणीतून उतरवला कुणी? त्याचं नाव सांगा."

"मला कसं माहीत असणार सर?"

"कुणालाच माहीत नाही!" आणि पुढचा अर्धा रस्ता माझ्याशी अबोला. जणू मीच ते नाव पुसलं होतं.

तर एक दिवस भोसरीच्या कस्टमरकडून फोन आला. आम्ही पाठवलेल्या गिअरबॉक्सच्या झाकणांवर आतल्या बाजूला भेग सापडली. त्यांनी लाइन थांबवली होती. मी धावत गेले. तिथल्या तपासणीच्या मुलीनं मला भिंगातून दाखवलं. भेग नव्हती. आतल्या कडेला, तांदळाच्या दाण्यापेक्षाही लहान, उठावाची दोन अक्षरं होती. एक 'द', आणि शेजारी 'मा'.

मी दुसरं झाकण घेतलं. द, मा. तिसरं घेतलं. आठवड्याभरात ओतून पाठवलेल्या प्रत्येक झाकणावर ती अक्षरं होती, कारण ती डायमध्येच कोरलेली होती. साच्यात जे खोदाल ते प्रत्येक ओतकामावर उठून येणार.

कस्टमरचं म्हणणं सरळ होतं. ड्रॉइंगमध्ये नाही ती खूण भागावर चालणार नाही. सगळी झाकणं इथेच साफ करून द्या, नाहीतर माल परत. मी प्लांट हेडसाहेबांना फोन केला आणि म्हणाले, हातग्राइंडर चालवणारी माणसं पाठवा. त्यांनी टूलरूममधलीच दोघं पाठवली.

भोसरीच्या त्या मागच्या अंगणात हिरवी जाळी बांधलेली होती आणि तिच्याखालीसुद्धा ऊन भाजत होतं. दत्ता आणि माधव टेम्पोतून उतरले, ग्राइंडर लावले आणि कामाला बसले. त्यांना काय घासायचं ते मी बोटानं दाखवलं. चार-सहा झाकणं झाली असतील. माधवनं ग्राइंडर थांबवला, गॉगल वर केला आणि झाकण डोळ्यांजवळ नेलं.

"दत्ता," तो म्हणाला, "हे तर आपलंच नाव हाय की रे."

दत्तानं पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा मला अजून दिसतो. त्यात अभिमान-बिभिमान काही नव्हता, तो नुसता घाबरला होता. "मॅडम, आमी न्हाई केलं हे. आईशप्पत. आमी कशाला करू असलं?"

"मला माहीत आहे कुणी केलं ते," मी म्हणाले. मला खरंच माहीत होतं, पहिलं झाकण भिंगाखाली पाहिलं तेव्हापासून.

"मंग सांगा की साहेबास्नी!"

"सांगते. आधी हे संपवू."

आणि त्या दोघांनी दिवसभर बसून स्वतःची अक्षरं घासून काढली. ग्राइंडर लावला की एक बारीक किंकाळी यायची, चंदेरी भुकटी उडायची आणि जागा सपाट व्हायची. पुढचं झाकण. मी मोजून खोकी बंद करत होते आणि सरांना मनातल्या मनात जे काही म्हणत होते ते इथे लिहिण्यासारखं नाही. तुमच्या त्या थोर लोकांमुळे ही दोन पोरं उन्हात बसून स्वतःला पुसतायत, हे येऊन बघा एकदा, असं मला ओरडून सांगायचं होतं. फोन केला. सरांनी उचलला नाही. टूलरूममध्ये ते फोन खणात टाकून ठेवायचे.

संध्याकाळी परत पोहोचेपर्यंत इकडे व्हायचं ते ठरून गेलं होतं. अक्षरं द आणि मा, टूलरूममध्ये माणसं दत्ता आणि माधव. कंत्राटदाराला यात विचार करण्यासारखं काही वाटलं नाही. टेम्पो गेटवर येताच दोघांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं, तिथेच त्यांचे पास काढून घेतले. मी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं, हे सरांचं काम आहे. साहेब म्हणाले, "पुरावा?" मी म्हणाले, मला माहीत आहे. "कसं?" आता मी काय सांगणार होते? की मृत मुलाच्या आईच्या छातीवर एक पट्टा आहे?

दुसऱ्या दिवशी सकाळी बसमध्ये सर चढले आणि माझ्या शेजारी बसले. मी सगळं सांगितलं. तळवड्याला बस अडकली, मामांनी इंजिन बंद केलं, तरी सर सुरू झाले नाहीत. फक्त निघोज्याच्या फाट्यावर एवढंच म्हणाले, "भेग समजले?"

"हो."

"गाढव आहेत."

कंपनीत उतरून ते थेट साहेबांच्या केबिनमध्ये गेले, मी मागोमाग. आत एचआरची मुलगी आणि कंत्राटदार बसले होते. सर उभ्यानेच म्हणाले, "ती अक्षरं मी कोरली. त्या दोघांना आत घ्या."

साहेब हसले. वाईट नाही, समजूत घातल्यासारखे हसले. "सर, तुमचा तुमच्या माणसांवर जीव आहे, आम्हाला माहीत आहे. पण हे अंगावर घेऊ नका."

"मी कोरली म्हणतोय ना."

"एवढी बारीक? या वयात? आणि डायमध्ये तर उलटी कोरावी लागतात."

सर बाहेर गेले. परत आले तेव्हा हातात पोलादाचा एक भंगार तुकडा होता आणि कोरणी. ते साहेबांच्या टेबलाशी बसले, चष्मा कपाळावर चढवला, तुकडा नाकाला लागेल इतका जवळ घेतला आणि कोरायला लागले. केबिनमध्ये फक्त ती खरखर. काचेच्या टेबलावर पोलादाचे कण पडत होते. कंत्राटदार मोबाइल ठेवून बघत राहिला. झाल्यावर सरांनी तुकडा साहेबांपुढे सरकवला. तांदळाएवढी दोन अक्षरं, आरशात दिसावीत तशी उलटी. साहेबांनी मोबाइलचा सेल्फी कॅमेरा लावून आरशासारखं त्यात पाहिलं. द, मा. तीच वळणं. 'मा'च्या कान्याला तोच किंचित बाक.

मग साहेबांनी विचारलं, "का केलंत?"

सरांनी तोंड उघडलं. मला दिसत होतं, छतवाला त्यांच्या ओठांवर आलेला आहे. मी मनात म्हटलं, नको सर, आज तरी नको, कृपा करून त्यांना पोपचं काही सांगू नका.

सर म्हणाले, "काम त्यांनी केलं. सही माझी असते. म्हणून केलं."

एवढंच. मी त्यांना इतक्या थोडक्यात बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

साहेब वाईट माणूस नव्हते. पण कस्टमरला काहीतरी दाखवावं लागणार होतं. त्यांनी सरांना राजीनामा द्यायला सांगितलं, महिनाअखेरपर्यंत थांबायची मुभा दिली. दत्ता आणि माधवला पास परत मिळाले, म्हणजे होते तिथेच ते परत आले. तोच कंत्राटदार, तोच गणवेश.

मला वाटलं होतं, दुपारी टूलरूममध्ये काहीतरी हृद्य दृश्य होईल. मी मुद्दाम त्या बाजूनं गेले. आतून दत्ताचा आवाज बाहेरपर्यंत येत होता.

"कुनी सांगितलं हुतं तुमाला? आमी म्हनलो हुतो का, आमचं नाव कोरा म्हनून? घरात माझी आई रात्रभर रडली. गावात लोकं विचारायला लागली, चोरी केली का काय कंपनीत!"

सर टेबलाशी बसून होते. माधव दत्ताचा दंड धरून त्याला मागे ओढत होता. "बस की आता, दत्ता."

"न्हाई बसत! नाव कोरून काय करू मी? नाव चाटू? पर्मनंट करा म्हनलो हुतो. किती येळा म्हनलो. साहेबांकडं एकदा जाऊन बोला म्हनलो. गेला का तुमी? न्हाई. तुमी मला त्या घुमटवाल्याची गोष्ट सांगितली!"

सरांच्या हातात पॉलिशचा दगड होता तो त्यांनी खाली ठेवला. मी दारातून परत फिरले. दत्ताचं एकन् एक अक्षर खरं होतं, आणि ते कुणीतरी सरांना सुनावलं याचा मला आनंद व्हायला हवा होता. इतकी वर्षं मीही तेच तर म्हणत होते, विचारलंय त्याचं उत्तर द्या. पण आनंद काही झाला नाही. मी जाग्यावर येऊन बसले आणि उगाचच एका शिपायावर ओरडले.

त्यानंतर महिनाअखेरपर्यंत दत्ता सरांशी बोलला नाही. काम करायचा, सांगितलेलं ऐकायचा, पण शब्द नाही. सर बसमध्ये गोष्टी सांगायचे, पण मध्येच सोडून द्यायचे. छतवाला मचाणावर चढायचा आणि सर खिडकीबाहेर बघत बसायचे. मी म्हणायचे, "मग?" ते म्हणायचे, "माहीत आहे तुम्हाला." माहीत होतंच. पण अर्धवट ऐकणं हे पूर्ण ऐकण्यापेक्षाही वाईट असतं, हे मला तेव्हा कळलं.

शेवटच्या दिवशी निरोपसमारंभ वगैरे झाला नाही. तशा परिस्थितीत गेलेल्या माणसाला हार कोण घालणार? सरांनी खण रिकामा केला, एका कापडी पिशवीत चार वस्तू घातल्या आणि शिफ्ट सुटल्यावर बसमध्ये येऊन बसले. मी शेजारी जायला निघाले तर बसच्या दाराशी खळबळ झाली. दत्ता आत चढत होता. कंत्राटी कामगारांना कंपनीच्या बसमध्ये बसायची परवानगी नव्हती. आणि दत्ताला बस हवी कशाला? त्याचं घर गेटपासून चालत पोहोचण्यासारखं.

"कुठं निघालास?" ड्रायव्हरमामांनी विचारलं.

"डांगे चौक."

"तिथं काय काम आहे?"

"हाय काम," म्हणत तो सरळ आत आला आणि सरांच्या शेजारी, माझ्या जागेवर, बसला. मामांनी आरशात एकदा पाहिलं आणि गाडी सुरू केली. मी त्या दोघांच्या मागच्या बाकावर बसले.

बस निघोज्यातून बाहेर पडली. संबंध बस गप्प होती. जाधवकाकासुद्धा मागून मान उंचावून बघत होते. इतकी वर्षं ज्याला सगळे कंटाळले होते तो आवाज येत नव्हता, तर कुणालाच काही सुचत नव्हतं.

शेवटी दत्ताच बोलला, समोर बघत. "मी अजून रागातच हाय."

"बरोबर आहे," सर म्हणाले.

"पन तुमी एकलं कसं जानार? म्हनून आलो."

सरांनी मान हलवली. पिशवी मांडीवर सारखी केली.

"बोला की कायतरी," दत्ता वैतागून म्हणाला. "एवढा येळ गप बसवत न्हाई."

"कुणाचं सांगू?" सरांनी विचारलं. "भट्टीवाल्याचं?"

"ते झालं. लई येळा झालं. तुमचं सांगा."

"माझं?"

"व्हय. तुमचं. जन्म कुठला, आई-बाप कोन, ह्या धंद्यात कसं आलात. त्या समद्यांचं सांगता, कोन कुनाच्या पोटी जन्मला, कुनाचं कुनाशी भांडान झालं. तुमचं कदी सांगितलं न्हाई."

मी मागच्या बाकावर ताठ झाले. इतकी वर्षं मी या माणसाच्या शेजारी बसत होते. अंडीवाला काय खायचा ते मला माहीत होतं. सर घरी गेल्यावर त्यांना जेवायला कोण वाढतं, वाढतं की नाही, हे मला माहीत नव्हतं. ते कधी बोलले नव्हते. मीही कधी विचारलं नव्हतं. एक प्रश्न विचारला तर हे अजून दोन तास बोलतील, या भीतीनं.

सरांनी बोलायला तोंड उघडलं आणि त्यांना सुरुवातच सापडेना. एवढी चरित्रं घडाघडा सांगणारा माणूस, पण त्यांनी दोनदा घसा साफ केला. "माझं काय... मिरजेचा जन्म," ते म्हणाले. "वडील..." आणि थांबले. "वडिलांचं मागाहून सांगतो. आधी माझ्या बहिणीचं सांगायला पाहिजे. ती माझ्यापेक्षा मोठी होती."

"नाव काय तिचं?" दत्तानं विचारलं.

सरांनी नाव सांगितलं. बसच्या आवाजात ते मला नीट ऐकू आलं नाही. मी पुढे वाकले, दोन सीटच्या मधल्या फटीला कान लावला. सर हळू, अडखळत सांगत होते, मध्येच मागे जाऊन दुरुस्त करत होते. घरात विहीर होती. नाही, विहीर शेजारच्यांची. बहीण शाळेत हुशार. दत्ता मध्ये मध्ये "मंग?" म्हणत होता. मी खिडकीतून तळवड्याचा चौक कधी येतोय ते बघत होते. तिथं मामा इंजिन बंद करतील आणि मला सगळं स्वच्छ ऐकू येईल.

तळवड्याचा चौक आला. माणूस नाही, ट्रक नाही, कंटेनर नाही. सिग्नल हिरवा. मी त्या रस्त्यावर काढलेल्या सगळ्या वर्षांत तो चौक असा मोकळा कधी पाहिला नव्हता. मामांनी गाडी चौथ्या गिअरमध्ये घातली आणि आम्ही भर्रकन पलीकडे गेलो.